हजेरीचा दर कोण ठरवतं?

कोल्हापूर जिल्ह्यात उसात भांगलणीला गेलेल्या बाईची हजेरी आणि त्याच शिवारात रोजाने राबणाऱ्या गड्याची हजेरी यांत फरक असतो, हे इथे कुणाला नव्याने सांगावं लागत नाही. आकडा गावागणिक बदलतो. कुठे गड्याचा दर दीडपट असतो, कुठे त्याहून चढा. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘बायकांचं काम हलकं असतंय.’ हे उत्तर इतकं अंगवळणी पडलं आहे की कामाला जाणाऱ्या बायाही तेच देतात. या पुस्तकाचा विषय ते उत्तर आहे. ते खरं आहे का, कितपत खरं आहे, आणि जिथे खरं आहे तिथे तशी वेळ का आली, एवढंच पुढच्या प्रकरणांत शोधलं आहे.

त्या उत्तरामागे अर्थशास्त्रातला एक जुना, वजनदार विचार उभा आहे. मजुराच्या कामामुळे मालकाच्या उत्पन्नात जी भर पडते, तिच्या आसपास मजुरी स्थिरावते, असा तो विचार. चांगलं काम करणाऱ्या बाईला एखाद्या मालकाने कमी पैसे दिले तर शेजारचा मालक थोडे जास्त देऊन तिला बोलावून नेईल, आणि या चढाओढीत अन्यायाचा फरक आपोआप कमी होत जाईल. गॅरी बेकर यांनी १९५७ साली भेदभावाच्या अर्थशास्त्रावर पुस्तक लिहिलं, त्यातही भेदभाव करणारा मालक स्वतःचा तोटा करून घेतो, हा मुद्दा होता. मांडणी चोख आहे. पण ती दोन गोष्टी गृहीत धरते: बाईला दुसऱ्या मालकाकडे जाता येतं, आणि तिने किती काम केलं हे कुणीतरी मोजतं.

पहिली गोष्ट आधी घेऊ. पोरं शाळेतून यायच्या आत आणि म्हशीच्या संध्याकाळच्या धारेच्या आत घरी पोहोचायचं, तर बाई चालत जाता येईल एवढ्याच शिवारात कामाला जाऊ शकते. गडी मोटारसायकलवर शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत जातो, शहरात गवंड्याच्या हाताखाली जातो. त्याला शेतात टिकवून ठेवायचं तर शेतमालकाला एमआयडीसीच्या पगाराकडे बघून दर लावावा लागतो. बाईचा दर लावताना त्याला गावातल्या दुसऱ्या शेतमालकाकडे पाहिलं की पुरतं. या फरकाशी कामाच्या हलके-जडपणाचा काही संबंध नाही. बाईपुढे पर्याय किती आहेत, त्यावर तो ठरतो.

दुसरी गोष्ट मोजण्याची. तिथे जरा थांबायला हवं.

भांगलणीचं काम जवळून पाहा. ऊस गुडघ्याच्या वर आलेला असतो. बाया सरीत ओळीने बसतात, प्रत्येकीने आपापली पात धरलेली असते. उसाच्या पानांची धार हाताला कापते म्हणून साडीवर घरातल्या गड्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट चढवलेला असतो, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला असतो. खुरप्याने तण मुळासकट काढायचं, पण उसाच्या फुटव्याला धक्का लावायचा नाही. हात सारखे चालू, पाय दुमडलेले, आणि त्याच अवस्थेत पुढे सरकायचं. एकीची पात मागे पडली तर शेजारची आपली संपवून तिच्या पातीला हात लावते, कारण सगळ्यांनी मिळून बांधाला पोहोचायचं असतं. उसात हवा खेळत नाही. मे महिन्यातली दुपार तिथे कशी जाते हे बसल्याशिवाय कळत नाही. संध्याकाळी किती सऱ्या झाल्या हे शेतमालकाला उभ्या उभ्या दिसतं. म्हणजे मोजता येण्यासारखं काम आहे. पण मजुरी सऱ्यांवर दिली जात नाही, दिवसावर दिली जाते. आणि दिवसाचा दर बाईचा आणि गड्याचा वेगळा, हे काम सुरू होण्याआधीच ठरलेलं असतं.

त्याच उसाला पाणी पाजणारा गडी दार धरतो. सरी भरली की ते मोडून पुढचं दार उघडतो. शेतीपंपाची वीज रात्रीची असेल तर हे काम खरोखर जिकिरीचं होतं: काळोख, चिखल, विंचू-साप. त्या रात्रीला जादा मोल मिळालंच पाहिजे. पण दिवसा पाणी पाजलं तरी दर गड्याचाच लागतो. जोखमीसाठी जादा पैसे द्यायचे असते तर ते रात्रीच्या कामाला चिकटले असते. ते चिकटले आहेत माणसाला.

आता याच बाया काम उक्तं घेतात तेव्हा काय होतं ते बघा. भात रोपांच्या लावणीत राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीकडे हे सर्रास दिसतं. क्षेत्र ठरतं, त्याचे एकूण पैसे ठरतात, बायांची टोळी पावसात पहाटे वाफ्यात उतरते आणि रोजाच्या हिशेबात जे काम रेंगाळलं असतं ते झपाट्याने हातावेगळं करते. दिवसाची कमाई वाढते. या बाया कालपर्यंत कमी ताकदीच्या होत्या आणि आज एकदम बळकट झाल्या असं कुणी म्हणणार नाही. बदललं ते मोजण्याचं एकक. ज्या गटाबद्दल मालकाचा समज आधीच पक्का असतो, त्या गटातल्या चपळ माणसालाही सरासरीचा दर मिळतो. काम मापून पैसे द्यायला लागलं की त्या समजाचा जोर ओसरतो. जगभरात शेतमजुरीचा अभ्यास करणाऱ्यांनी रोजंदारीतला आणि मापावरच्या मजुरीतला फरक शेजारी ठेवून पाहिला आहे, तो याचसाठी.

तरी उक्त्याने सगळं सुटतं असं मला वाटत नाही. कारण कुठलं काम कुणाकडे जातं, हे त्याच्याही आधी ठरतं. तणनाशक आलं तसं याचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर घडलं. भांगलणीला दहा बाया लागायच्या, तिथे पाठीवर पंप अडकवलेला एक गडी आला. त्याचे पैसे पंपांच्या संख्येवर ठरतात आणि तो दुपारच्या आत मोकळा होतो. पंप पाठीवर घेऊन सरीतून चालणं बाईला जमणार नाही असं त्यात काही नाही. घागरीवर घागर आणि वैरणीचा भारा ती रोज वाहते. पण यंत्र आलं की काम गड्याचं होतं आणि दर चढतो, असं आपल्याकडे घडत आलं आहे. अर्थशास्त्रज्ञ एस्टर बोसरप यांनी १९७० साली आशिया-आफ्रिकेतल्या शेतकरी बायांवर जे लिहिलं त्याचं हेच सूत्र होतं: नवं अवजार आणि त्याचं शिक्षण पुरुषांच्या हाती दिलं जातं, बायका जुन्या अवजारावर राहतात, आणि मग दोघांच्या उत्पादकतेत पडलेलं अंतर निसर्गाने घातलेलं असल्यासारखं बोललं जातं. बाईच्या कामाची उत्पादकता मोजताना तिच्या हातात खुरपं आहे आणि त्याच्या पाठीवर पंप, हे विसरून चालणार नाही.

ऊसतोडीचं प्रकरण या पुस्तकातलं सगळ्यात मोठं आहे आणि ते मुद्दाम तसं ठेवलं आहे. हंगाम सुरू झाला की बीडकडून, मराठवाड्याच्या इतर भागांतून टोळ्या कोल्हापूरच्या कारखान्यांच्या फडात येतात. इथे हजेरी नाही, टनावर दर आहे. म्हणजे ज्या मोजमापाची मी वर बाजू घेतली ते इथे पूर्ण आहे: वजनकाटा आहे, पावती आहे. पण मजुरीचं एकक कोयता आहे, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो तोडतो, ती पाला सोलते, वाढं वेगळं काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून चढून गाडीत टाकते. पुष्कळदा तोडायलाही बसते. टोळी आणणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती साधारणपणे नवऱ्याच्या हाती. हंगामाअखेर हिशेब होतो तोही त्याच्याशी. जोडीने जितके टन तोडले त्यातले तिचे किती, हा प्रश्न कुठल्याच कागदावर येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. ती वाढही कोयत्याला मिळाली. फरक मोजायला निदान दोन आकडे लागतात. इथे तिचा आकडाच नाही, त्यामुळे तफावतीच्या कुठल्याही तक्त्यात ती दिसत नाही. माझ्या मते मजुरीतल्या अन्यायाचं याहून पक्कं रूप नाही.

शिवाय टनावरच्या दरात सुट्टीला जागा नसते. एक दिवस खाडा झाला तर दोघांचा खाडा, आणि वर मुकादमाचा दंड. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या प्रश्नाकडे आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहिलं गेलं, ते बरोबरच आहे. पण पाळी आणि बाळंतपण यांचा खर्च मजुरीच्या पद्धतीत कुणी उचलायचा, हा त्याचाच दुसरा भाग आहे. मुंबई विधिमंडळात १९२८ साली प्रसूती लाभाचं विधेयक आलं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले होते. पुढच्या वर्षी तो कायदा झाला. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं होत आली, कारखान्याच्या कायम नोकरीतल्या बाईला आज २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे, आणि कोयत्याच्या बाईला एक दिवसही नाही.

शहराकडे वळलं की फरकाचा आकार बदलतो, जात बदलत नाही. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग चालवला आणि गाव वस्त्रनगरी झालं. तिथे विणकराची मजुरी पिकावर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांवर, मीटरमागे ठरते. ती वाढवून घेण्यासाठी मोठे संप झाले, वाटाघाटी झाल्या. माग सांभाळणारे बहुतेक पुरुष. बाया सूत कांडीवर भरायला, कापडाच्या मेंडिंगला, आता गारमेंटच्या शिलाईला. कांडी वेळेवर भरली नाही तर माग थांबतो, तरी कांडीवालीचा दर विणकराच्या दराच्या कुठल्या टप्प्यावर असावा याची चर्चा त्या वाटाघाटींत फारशी पुढे येत नाही. हुपरीच्या चांदीकामातही घरोघरी बाया साखळीच्या कड्या जोडतात. हे काम घरात बसून होतं, म्हणून ते घरकामासारखं वाटायला लागतं आणि त्याच भावात जातं.

कोल्हापुरी चपलेचं तर सांगायलाच हवं. जून २०२५ मध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली तेव्हा इथे संताप उसळला, आणि तो योग्य होता. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तूचं श्रेय न देणं चुकीचंच. कारागिरांच्या हक्काबद्दल तेव्हा पुष्कळ बोललं गेलं. पण त्या चपलेवरची वेणी विणणारे, बारीक शिवण घालणारे हात बहुतांशी घरातल्या बायांचे असतात. तळ कापणं आणि ठोकणं पुरुषाकडे, बाजारात जाणं पुरुषाकडे. चपलेला जी किंमत तिच्या वेणीमुळे येते त्यातला वाटा वेणी घालणारीला किती, हे त्या गदारोळात कुणी विचारल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

हा फरक कायद्याच्या नजरेतून सुटलेला नाही. राज्यघटनेच्या ३९व्या अनुच्छेदात समान कामाला समान वेतनाचं तत्त्व आहे. १९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला. त्याच्या आधारे मुंबईत ऑड्री डिकोस्टा यांनी लढा दिला. त्या ज्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत होत्या तिथे लेडी स्टेनोग्राफर वेगळ्या आणि पुरुष स्टेनोग्राफर वेगळे अशी वर्गवारी होती, आणि बायांचा पगार कमी. हा पगार युनियनशी झालेल्या करारानुसार आहे, असं कंपनीचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली ते फेटाळलं. कामाचं स्वरूप ढोबळमानाने सारखं असेल तर किरकोळ फरक काढून पगार कमी करता येणार नाही, आणि परवडत नाही हेही कारण चालणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. हा निकाल पुन्हा वाचण्यासारखा आहे, कारण वेगळं नाव दिलं की काम वेगळं होतं या समजुतीला त्याने थेट हात घातला.

आता १९७६ च्या कायद्याची जागा २०१९ च्या वेतन संहितेने घेतली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. एकाच मालकाकडे, सारख्या कामासाठी किंवा सारख्या स्वरूपाच्या कामासाठी लिंगावरून वेतनात फरक करता येणार नाही, असं ती म्हणते. सारख्या स्वरूपाचं काम कोणतं, हे ठरवायला कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी बघायची. हे निकष भांगलण आणि दिवसा पाणी पाजणं यांना लावून पाहावेत, असं मी वाचकाला सुचवीन. पण ज्या बाईला आज एकाच्या, उद्या दुसऱ्याच्या बांधावर जावं लागतं, तिने तक्रार कुणाविरुद्ध करायची? आणि घरी कड्या जोडणारीने?

म्हणूनच मला रोजगार हमी योजना महत्त्वाची वाटते. कायद्याच्या चौकटीबाहेरच्या बायांपर्यंत समान दर पोहोचवायचा एक प्रयोग महाराष्ट्राने स्वतः करून पाहिला आहे. वि. स. पागे यांनी ही कल्पना मांडली, शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूरला तिचा सुरुवातीचा प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. बाई आणि पुरुष असा वेगळा दर तिथे नव्हता. खणलेल्या मातीचं माप आणि त्याला ठरलेले पैसे, एवढंच. दगड फोडायला, माती वाहायला बाया मोठ्या संख्येने आल्या. हलकं काम म्हणून ज्यांना कमी हजेरी दिली जायची त्याच त्या. मापं घेण्यात लबाड्या झाल्या, पैसे महिनोन्‌महिने रखडले, पाळणाघर कागदावर राहिलं. हे सगळं खरं आहे आणि पुढे तपशिलात आलं आहे. तरी सरकारी कामावर समान दर मिळतो म्हटल्यावर गावातल्या शेतमालकालाही आपला दर उचलावा लागला, ही त्या योजनेची मोठी कामगिरी आहे. वर सांगितलेलं पर्यायाचं गणित तिने बदललं.

आता एक गोष्ट मोकळेपणाने मांडायला हवी. बाईच्या कामाच्या तासांत आणि पुरुषाच्या कामाच्या तासांत खराखुरा फरक असतो. तो नाकारून या प्रश्नाचं भलं होत नाही. बायांचा रोजगार घरचं आवरून सुरू होतो आणि दिवेलागणीच्या आधी संपतो. देशाच्या वेळ-वापर सर्वेक्षणात २०१९ साली घरकाम करणाऱ्या बायांचा त्यात दिवसाला जाणारा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ९७. पाच वर्षांनी, २०२४ मध्ये, बायांचा २८९ आणि पुरुषांचा ८८. म्हणजे तिचं ओझं दहा मिनिटांनी उतरलं, आणि त्यानेही नऊ मिनिटं काढून घेतली. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अमेरिकेतल्या दोनशे वर्षांच्या स्त्री-श्रमाच्या अभ्यासासाठी. शिकल्या-सवरलेल्या, बरोबरीने नोकरीला लागलेल्या जोडप्यांतही पहिलं मूल झालं की पगाराचं अंतर उघडतं, कारण जास्तीचे पैसे कुठल्याही वेळी हजर राहणाऱ्याला मिळतात, असं त्यांनी दाखवलं. बोस्टनच्या वकिलीणबाई आणि कागलची भांगलणकरी यांच्यात साम्य शोधायला मी सहसा बिचकतो. पण संध्याकाळच्या घड्याळाची सक्ती दोघींनाही सारखीच आहे.

आणि या २८९ मिनिटांपलीकडे गोठ्याचं कामही असतं. १९६३ साली स्थापन झालेल्या गोकुळ दूध संघामुळे या जिल्ह्याच्या घरोघरी दुधाचा पैसा आला. शेण काढणं, वैरण आणणं, आंबोण कालवणं, धार काढणं हे बहुतेक घरांत बाईच्या हातचं काम. दहा दिवसांचं दूधबिल येतं तेव्हा डेअरीच्या वहीत सभासद म्हणून बहुतेक घरांत पुरुषाचं नाव असतं. अलीकडे देशातल्या स्त्रियांचा श्रमशक्तीतला सहभाग वाढल्याचं आकडे सांगतात: पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांत २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के, २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के. ही वाढ ज्यांत झाली त्यांत घरच्या शेतीत आणि घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणाऱ्या बाया पुष्कळ आहेत. सहभाग वाढला म्हणजे तिच्या हाती मजुरी पडली, असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

पुस्तकाच्या रचनेबद्दल थोडंसं. दर जिथे दिले आहेत तिथे त्यांच्यासोबत कामाचे तास, मापाचं एकक आणि पैसे कुणाच्या हाती दिले गेले, हे तिन्ही दिलं आहे. नुसता दर वाचू नये ही विनंती. गावांची नावं आहेत, मजूर बायांची नाहीत, कारण त्यांना उद्या त्याच बांधावर कामाला जायचं आहे. शेवटच्या प्रकरणात काही मागण्या आहेत. कोयत्याच्या करारावर आणि खात्यावर दोघांची नावं हवीत आणि टनाचा दर दोघांत वाटून लिहिला जावा. भांगलणीचा दर सरीवर किंवा गुंठ्यावर ठरवून ग्रामपंचायतीत लावावा. फवारणीच्या प्रशिक्षणात बायांना आधी जागा मिळावी. यातली शेवटची मागणी सगळ्यात सोपी आहे असं मला वाटतं. २०२३ पासून केंद्र सरकार बचत गटांच्या बायांना फवारणीचे ड्रोन आणि ते चालवायचं शिक्षण देत आहे. ड्रोन हाताळण्याला बाई चालते, तर पाठीवरच्या पंपाला का चालू नये, हा प्रश्न आता सहायक कृषी अधिकाऱ्याला आणि गटाच्या बैठकीत उघड विचारता येईल.